'अप' हा एवढासा शब्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी शिकायला येणारी मोठी माणसे लांबलचक शब्दांना घाबरत नाहीत. 'रिस्पॉन्सिबिलिटी' एकदा पाठ झाला की झाला, त्याचा अर्थ पुन्हा बदलत नाही. गाडी अडते ती 'अप', 'ऑफ', 'आउट' या चिमुकल्यांपाशी. त्यातही 'अप' सगळ्यांत द्वाड. प्रौढांना इंग्रजी शिकवताना मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचायलाच हवे असे नाही, पण पहिला प्रश्न मात्र सोडू नका.

'अप' म्हणजे 'वर' ना? मग 'ईट अप'मध्ये वर काय जाते?

काहीच जात नाही. शाळेत 'अप म्हणजे वर, डाउन म्हणजे खाली' एवढेच शिकवतात आणि तिथेच घोळ होतो. 'स्टँड अप', 'क्लाइंब अप', 'पिक अप' यांत 'वर' आहे, कबूल. पण 'ईट अप', 'ड्रिंक अप', 'यूज अप', 'टेअर अप' यांत 'अप' दिशा सांगत नाही. काम पुरते झाले, काही शिल्लक राहिले नाही, हे तो सांगतो.

आता मराठीत हेच आपण कसे सांगतो ते बघा. 'आंबा खाल्ला' आणि 'आंबा खाऊन टाकला' यांत काय फरक? टाकले तर काहीच नाही, उलट पोटात घातले. तरी 'टाकला' म्हटल्यावर आंबा संपला, विषय मिटला, हे ऐकणाऱ्याला कळते. 'ही एट द मँगो' आणि 'ही एट अप द मँगो' यांत नेमका हाच फरक आहे.

म्हणून माझा सल्ला असा, की 'अप' दिसला की आधी 'वर' शोधू नका. आपल्या संयुक्त क्रियापदांतले टाकणे, काढणे, बसणे, ठेवणे, जाणे, घेणे यांपैकी कोण बसते ते बघा. 'ड्रिंक अप' म्हणजे पिऊन टाक. 'बीट अप' म्हणजे झोडपून काढणे. 'सिट अप' म्हणजे उठून बसणे. 'टाय अप' म्हणजे बांधून ठेवणे, 'सेव्ह अप' म्हणजे साठवून ठेवणे, 'लॉक अप' म्हणजे कोंडून ठेवणे. विहीर 'ड्राय अप' झाली म्हणजे आटून गेली. 'टायडी अप' म्हणजे आवरून घे. हे 'टाक', 'काढ', 'बस' मराठी मुलाला कोणी शिकवत नाही, तरी चार वर्षांचे पोर ते बिनचूक वापरते. म्हणजे ही यंत्रणा आपल्या डोक्यात आधीपासून आहे, फक्त तिला इंग्रजीशी जोडून द्यायचे बाकी आहे.

मग 'टाकणे' असेल तिथे डोळे झाकून 'अप' लावावा का?

नाही. 'विकून टाकले' म्हणजे 'सोल्ड ऑफ', 'सांगून टाकले' म्हणजे बऱ्याचदा 'ब्लर्टेड आउट'. कोणत्या क्रियापदाला कोणता शेजारी हे इंग्रजीने आपल्या मर्जीने ठरवले आहे आणि ते ऐकून ऐकूनच बसते.

एक ओळखीची खूण मात्र उपयोगी पडते. 'काम पुरे झाले' असा अर्थ देणाऱ्या 'अप'ला समोर ठराविक, मोजका ऐवज लागतो. 'ईट अप द राइस' म्हणजे ताटातला भात संपव. पण 'आम्ही रोज भात खातो' हे सांगताना 'वी ईट अप राइस' म्हटले तर ऐकणारा गोंधळेल. मराठीतही 'आम्ही रोज भात खाऊन टाकतो' म्हटले तर समोरचा विचारेलच, कोणाचा?

आपला संस्कृत 'उप' आणि हा 'अप' एकच का? की उगाच जुळवाजुळव?

जुळवाजुळव नाही, हे खरोखरचे नाते आहे. इंग्रजी 'अप' आणि संस्कृत 'उप' हे दोन्ही एकाच आदिम भारत-युरोपीय मुळापासून निघाले, असे भाषाशास्त्र सांगते. ग्रीक 'हायपो' आणि लॅटिन 'सब' हेही त्याच घराण्यातले. मूळ अर्थ 'खाली' किंवा 'खालून वर' असा काहीसा होता. म्हणून एका भावाने 'वर' घेतले आणि दुसऱ्याने 'खाली': 'हायपोडर्मिक' म्हणजे त्वचेखालचे. संस्कृत 'उपरि' आणि इंग्रजी 'ओव्हर' हीदेखील अशीच जोडी, आणि आपला मराठी 'वर' त्या 'उपरि'पासूनच झिजत झिजत आला. म्हणजे 'अप'चा अर्थ 'वर' असे सांगताना आपण लांबच्या चुलतभावांचीच गाठ घालून देत असतो.

संस्कृतात 'उप'चा ठळक अर्थ 'जवळ'. उपनयन म्हणजे जवळ नेणे, उपस्थित म्हणजे जवळ उभा असलेला. इंग्रजीत 'ही वॉक्ड अप टू मी' म्हणजे काय? तो चालत माझ्याजवळ आला. रस्ता सपाट असला, अगदी उताराचा असला, तरी 'अप'च. हा 'जवळ' विसरलात तर अशी वाक्ये नीट लागणार नाहीत.

नात्यापेक्षाही मला मोलाचे वाटते ते उपसर्गांचे वागणे. संस्कृत शिकलेल्यांना हा श्लोक आठवेल: 'उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते । प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥' उपसर्ग धातूचा अर्थ जबरदस्तीने दुसरीकडे ओढून नेतो. धातू एकच, 'हृ', पण आहार म्हणजे जेवण आणि प्रहार म्हणजे फटका. इंग्रजीतही हेच चालते, फक्त तिथे उपसर्ग क्रियापदाच्या मागे जाऊन बसतो. 'गिव्ह' म्हणजे देणे, 'गिव्ह अप' म्हणजे नाद सोडणे. 'थ्रो' म्हणजे फेकणे, 'थ्रो अप' म्हणजे ओकणे. ज्यांना 'आहार-विहार' खटकत नाही, त्यांना 'थ्रो अप' खटकायचे कारण नाही.

'अपसेट' आणि 'सेट अप' यांत अक्षरे तीच, मग अर्थ इतके वेगळे कसे?

जुन्या इंग्रजीत 'अप' पुढेही लागायचा, संस्कृतासारखा. नंतर मागे लावायची पद्धत वाढली आणि पुढे लागलेले काही शब्द तसेच गोठून राहिले. 'अपसेट'चा अर्थ एके काळी खरोखर 'उभे करणे' असा होता. पुढे तो उलटून 'पाडणे, विस्कटणे' असा झाला, आणि आज 'ती अपसेट आहे' हे तर मराठीच झाले आहे.

वर्तमानपत्र वाचणाऱ्यांनी एक जोडी जरूर लक्षात ठेवावी. न्यायालयाने निकाल 'अपहेल्ड' केला म्हणजे कायम ठेवला. निकाल 'हेल्ड अप' झाला म्हणजे रखडला. आणि बँकेत 'होल्ड-अप' झाला म्हणजे पिस्तूल दाखवून लूट झाली. 'अपकीप' आणि 'कीप अप', 'अपटर्न' आणि 'टर्न अप' याही जोड्या शब्दकोशात शेजारी शेजारी ठेवून बघा.

'अपरोअर'मध्ये मात्र फसू नका. त्यातला 'रोअर' गर्जनेचा नाही. तो डच भाषेतून आलेला, 'बंड, ढवळाढवळ' अशा अर्थाचा शब्द आहे. इंग्रजांच्या कानाला त्यात गर्जना ऐकू आली आणि अर्थ त्या बाजूला सरकला.

'मेक अप'चे किती अर्थ पाठ करायचे?

पाठ कशाला करता? वाक्यात बघा.

'शी मेड अप अ स्टोरी': तिने गोष्ट रचली, म्हणजे साध्या भाषेत थाप मारली. 'दे फॉट अँड देन मेड अप': भांडले आणि मग गोडी झाली. 'मेक अप युअर माइंड': एकदाचे ठरव. 'आय विल मेक अप फॉर द लॉस्ट टाइम': वाया गेलेला वेळ भरून काढीन. 'इलेव्हन प्लेअर्स मेक अप अ टीम': अकरा खेळाडूंचा संघ होतो. आणि शेवटी तोंडाला लावायचा तो मेकअप.

या सगळ्यांच्या बुडाशी 'जे अपुरे किंवा मोडलेले होते ते पुरे करणे' आहे. गोष्ट नव्हती, ती पुरी केली. संबंध तुटले होते, ते सांधले. वेळ कमी पडला होता, तो भरून काढला. चेहऱ्यात काही कमी होते, निदान तसे वाटत होते, तेही भरून काढले. प्रत्येक 'अप'चा असा उलगडा होतो असे मी म्हणणार नाही, पण इथे होतो.

'ब्लो अप' हा 'मेक अप'चा भाऊ शोभेल. फुगा फुगवणे, पूल उडवून देणे, फोटो मोठा करणे आणि संतापाने भडकणे, चारही 'ब्लो अप'.

'वाइंड अप' तर आपल्याला फारच सोपा जावा. 'वाइंड' म्हणजे गुंडाळणे, आणि मराठीतही कंपनी गुंडाळतात, भाषण गुंडाळतात, गाशाही गुंडाळतात. कंपनी कायद्यात 'वाइंडिंग अप' हाच शब्द आहे. पूर्वी घड्याळाला चावी द्यायचे तेही 'वाइंड अप', म्हणून चावी देऊन ताणल्यासारखा झालेला माणूस 'वाउंड अप' असतो.

'पिक अप इट' चुकीचे का? 'पिक अप द बॅग' तर बरोबर आहे.

'इट', 'हिम', 'देम' अशी सर्वनामे आली की ती मधेच बसतात: 'पिक इट अप', 'वेक हिम अप', 'कॉल देम अप'. नाम असेल तर दोन्ही चालते: 'पिक अप द बॅग', 'पिक द बॅग अप'. या नियमावर बोलण्यापेक्षा दहा वाक्ये मोठ्याने म्हणा.

मात्र 'अप'नंतर आणखी एक शब्द चिकटला की मधे कोणी शिरत नाही. 'पुट अप विथ इट' म्हणजे ते सहन कर. 'कम अप विथ', 'कीप अप विथ', 'लिव्ह अप टू', 'लुक अप टू' ही सगळी त्याच पठडीतली. शेवटच्याचा अर्थ आपल्याकडे वेगळ्या अवयवाने सांगतात. इंग्रज आदर वाटणाऱ्याकडे वर बघतो, आपण त्याच्यापुढे मान लववतो.

'अप' क्रियापदाचा की पुढच्या नामाचा, हे ओळखायची एक जुनी जोडी आहे: 'ही रॅन अप अ हिल' आणि 'ही रॅन अप अ बिल'. पहिला टेकडी चढत धावला, दुसऱ्याने उधारी वाढवून ठेवली. 'ही रॅन अ बिल अप' म्हणता येते. 'ही रॅन अ हिल अप' म्हणता येत नाही, कारण तिथला 'अप' टेकडीचा आहे, धावण्याचा नाही.

मुंबईत 'अप लोकल' कोणती आणि 'डाउन' कोणती? 'अप' म्हणजे उत्तरेकडे का?

उत्तरेशी काही संबंध नाही. सीएसएमटी किंवा चर्चगेटकडे येणारी ती अप, तिथून कल्याणकडे, पनवेलकडे, विरारकडे निघालेली ती डाउन. ही इंग्रजांची पद्धत. त्यांच्याकडे लंडनकडे जाणारी गाडी अप, मग ती स्कॉटलंडहून दक्षिणेला उतरत का असेना. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, आणि रेल्वेबरोबर ही भाषाही आली. इथे लंडनच्या जागी मुंबई बसली.

याची गंमत घाटात कळते. मुंबईहून नाशिकला जाताना कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने लागतात, कारण पुढे इगतपुरीपर्यंत थळ घाटाचा १:३७ चा चढ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर वर. पुण्याच्या वाटेवर कर्जतला हेच, तिथून गाडी बोर घाट चढून लोणावळ्याला येते. एवढे धापा टाकत वर जाणारी ही गाडी रेल्वेच्या दप्तरात डाउन! आणि ब्रेक सांभाळत घाट उतरणारी अप. डेक्कन क्वीन मुंबईहून पुण्याला निघते तेव्हा तिचा क्रमांक १२१२३, तो डाउनचा, आणि पुण्याहून परत येते ती १२१२४, अप.

आपण मराठी माणसे या बाबतीत जमिनीला जास्त धरून आहोत. कोकणातला माणूस 'वर घाटावर' जातो आणि घाटावरचा 'खाली कोकणात' उतरतो, आणि दोघेही चढ-उतार बघूनच तसे म्हणतात. इंग्रजांचा 'अप' मानाचा आहे. ऑक्सफर्डला शिकायला जाणे म्हणजे 'गोइंग अप', आणि तिथून हाकलून देणे म्हणजे 'सेंट डाउन'.

'मी रोज अप-डाउन करतो' हे इंग्रजीत चालेल का?

भारतात चालेल, बाहेर नाही. 'आय डू अप-डाउन फ्रॉम नाशिक' ऐकून लंडनच्या माणसाला तुम्ही लिफ्ट चालवता असे वाटेल. तिथे 'कम्यूट' म्हणतात. मराठीत मात्र 'अप-डाउन करणे' हा पक्का मुरलेला शब्द आहे आणि त्याला एक खास वासही आहे. पास काढून रोज तालुक्याहून गावी आणि गावाहून तालुक्याला करणारे शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी आठवतात, आणि त्यामागोमाग 'मुख्यालयी राहत नाहीत' ही तक्रारही. मला तर हा शब्द 'ये-जा'पेक्षा बोलका वाटतो.

'अप्पर जिल्हाधिकारी' म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या वरचे ना?

नाही हो! हा प्रश्न इंग्रजीच्या वर्गात यावा हेच मजेचे. मूळ शब्द 'अपर' आहे, संस्कृत, अर्थ 'दुसरा, आणखी एक'. इंग्रजीतल्या 'अॅडिशनल'साठी तो योजला: अपर जिल्हाधिकारी, अपर पोलीस अधीक्षक, अपर मुख्य सचिव. बोलताना त्याला रेल्वेच्या 'अप्पर बर्थ'ची सवय लागली आणि 'अप्पर' झाले, पुढे काही पाट्यांवरही तेच चढले. अपर जिल्हाधिकारी जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखालीच असतात.

'फिल अप द फॉर्म', 'कोप अप विथ', 'पुट अप द फाइल': यांतले बरोबर कोणते?

तिन्हींचे निकाल वेगळे आहेत.

फॉर्म ब्रिटिश 'फिल इन' करतात आणि अमेरिकन 'फिल आउट'. आपल्याकडे सर्रास 'फिल अप' म्हणतात. समजते सगळ्यांना, पण परदेशी विद्यापीठाला ईमेल लिहिताना 'फिल इन' लिहा. 'फिल अप' टाकीसाठी ठेवा.

'कोप अप विथ' चूकच. 'कोप विथ' एवढेच. 'कीप अप विथ' आणि 'पुट अप विथ'च्या सहवासाने 'कोप'लाही 'अप' चिकटला असावा. मुलाखतीत हा शब्द हमखास निघतो आणि नेमका ताणाचा प्रश्न आला की निघतो.

'पुट अप द फाइल' हे भारतीय सरकारी कचेरीचे इंग्रजी आहे आणि मी त्याला चूक म्हणणार नाही. कारकुनाने फाइल वरच्या साहेबापुढे ठेवणे ही क्रिया इतक्या नेमकेपणाने सांगणारा दुसरा शब्द नाही. मराठी टिपणीत 'सादर' लिहितात तो हाच. परदेशात मात्र 'पुट अप' म्हणजे उभारणे, टांगणे किंवा पाहुण्याची राहायची सोय करणे. 'व्हेअर आर यू पुटिंग अप?' हे आपल्याकडचे 'कुठे उतरलात?' तिकडे जुनाट वाटते, इतकेच.

'स्लो अप' आणि 'स्लो डाउन' दोन्ही 'वेग कमी करणे' कसे?

कारण 'स्लो अप'मधला 'अप' दिशेचा नाही, तो 'पुरते'चा आहे. 'डाउन'मधला दिशेचा आहे. दोन वेगळ्या वाटांनी दोघे एकाच ठिकाणी पोचले. कागद 'बर्न अप' होतो आणि घर 'बर्न डाउन', कारण घर जळताना खाली कोसळते. अलीकडे अमेरिकेत 'आय अॅम अप फॉर इट' आणि 'आय अॅम डाउन फॉर इट' या दोन्हींचा अर्थ 'मी तयार आहे' असाच होतो.

तोडण्या-जोडण्याचेही तेच. 'ब्रेक अप', 'स्प्लिट अप', 'कट अप' म्हणजे वेगळे करणे, आणि 'जॉइन अप', 'लिंक अप', 'टीम अप' म्हणजे एकत्र येणे. तोडणेही पुरते, जोडणेही पुरते.

'व्हॉट्स अप?' याला काय उत्तर द्यायचे?

'नॉट मच.' बस्स. आपल्या 'काय म्हणताय?'ला जसे कोणी म्हणणे ऐकवत बसत नाही, तसेच. 'आय अॅम फाइन' हे 'हाउ आर यू'चे उत्तर आहे. २००९ मध्ये आलेल्या व्हॉट्सअॅपचे नाव याच प्रश्नावरची कोटी, पण त्यात शेवटी 'अॅप' आहे, 'अप' नाही.

'अप टू'चा नेमका अर्थ काय?

दुकानाच्या पाटीवर 'अप टू ५०% सूट' असते तिथे 'पर्यंत'. आकडा हातभर उंचीचा आणि 'अप टू' मुंगीएवढे, म्हणून आधी ते वाचायचे.

'इट्स अप टू यू': तुम्ही ठरवा. 'आय अॅम नॉट अप टू इट': माझ्याच्याने होणार नाही. 'व्हॉट आर यू अप टू?': काय चाललेय? सुरावर अवलंबून हे साधे विचारणे असते किंवा पोरे शेजारच्या खोलीत फार वेळ गप्प असली की आई ओरडते ते. 'अप टू नो गुड' म्हणजे नक्की काहीतरी कारस्थान.

'टाइम इज अप' आणि 'प्राइसेस आर अप': एकात संपली, एकात वाढली?

हो. भाव, तापमान, आवाज अशा मोजपट्टीवर चढणाऱ्या गोष्टींना 'अप' लागला की वाढ. वेळ, सुट्टी, करार अशा मुदतीच्या गोष्टींना लागला की संपणे. माणसाला लागला तर जागा असणे: 'शी वॉज अप ऑल नाइट'. सर्व्हरला लागला तर चालू असणे.

एकाच शब्दाचे इतके अर्थ ऐकून वैताग येत असेल तर आपला 'वर' आठवा. चोर तो चोर, वर शिरजोर. त्यावर तो म्हणाला. वरखर्च, वरकमाई, वरवरचे बोलणे. आजोबा वर गेले. वर तोंड करून बोलू नकोस. परभाषिकाला हे शिकवून बघा एकदा.

मराठीत आलेले 'अप'चे शब्द इंग्रजीत तसेच वापरता येतात का?

पुष्कळसे येतात: बॅकअप, फॉलोअप, चेकअप, स्टार्टअप, लाइनअप. काहींनी मात्र मराठीत येऊन स्वतंत्र संसार थाटला आहे.

'पिकअप'चे बघा. शेतकरी कांदा पिकअपमध्ये भरून लासलगावच्या बाजारात नेतो, तो पिकअप म्हणजे छोटी मालगाडी. हा अर्थ इंग्रजीतही आहे. 'गाडीला पिकअप नाही' म्हणजे वेग पटकन धरत नाही, हेही जुन्या इंग्रजीत सापडते. पण 'नाटकाने दुसऱ्या अंकात पिकअप घेतला' हे आपले. इंग्रजीत 'पिक्ड अप' एवढेच म्हणावे लागते, तिथे कोणी पिकअप 'घेत' नाही.

'गेटअप' म्हणजे वेशभूषा, हा अर्थ अस्सल इंग्रजी आहे, पण त्यात थोडी थट्टा असते. गॅदरिंगला 'मावळ्याच्या गेटअपमध्ये' आलेल्या मुलाचे आपण कौतुक करतो. 'व्हॉट अ गेट-अप!' म्हणणारा इंग्रज बहुधा कौतुक करत नसतो.

'पगाराचा ब्रेकअप द्या' असे मनुष्यबळ विभागाला लिहिले तर भारतात तपशील मिळेल. इतरत्र 'ब्रेकडाउन' मागा. 'लॉकअप' दोन्हीकडे कोठडीच.

लिहिताना एक पाळा. क्रिया असेल तर शब्द सुटे, नाम असेल तर जोडून किंवा मधे छोटी रेघ देऊन. उच्चारातही फरक आहे: 'सेट अप' करतो म्हणताना जोर 'अप'वर, 'सेटअप' चांगला आहे म्हणताना जोर 'सेट'वर.

'थम्स अप'च्या स्पेलिंगमध्ये 'बी' का नाही?

पेयाच्या नावात तो मुद्दाम गाळला आहे, अंगठ्याच्या स्पेलिंगमध्ये मात्र आहे. परीक्षेत पेयाचे स्पेलिंग लिहू नका. १९७७ मध्ये कोका-कोला भारतातून गेली तेव्हा पार्लेच्या चौहान बंधूंनी हे पेय आणले. १९९३ मध्ये कोका-कोला परतली आणि तिने हा ब्रँडच विकत घेतला. मनमाडजवळ अंकाई-टंकाईच्या शेजारी हडबीची शेंडी नावाचा सुळका आहे. गाडीतून तो उभ्या अंगठ्यासारखा दिसतो, म्हणून लोक त्याला 'थम्स अप'चा डोंगर म्हणतात.

क्रिकेटमध्ये 'बॅकिंग अप' म्हणजे पाठिंबा देणे?

दोन अर्थ आहेत. फेक चुकली तर चेंडू अडवायला दुसरा क्षेत्ररक्षक मागे उभा राहतो, ते 'बॅकिंग अप'. आणि गोलंदाज धावत येताना नॉन-स्ट्रायकर फलंदाज क्रीज सोडून पुढे सरकू लागतो, तेही 'बॅकिंग अप'. दुसऱ्या प्रकारात १३ डिसेंबर १९४७ रोजी सिडनी कसोटीत विनू मंकड यांनी बिल ब्राउनला धावबाद केले आणि 'मंकडिंग' हा शब्द जन्माला आला. चेंडू 'पिच्ड अप' म्हणजे उंच टाकलेला नव्हे, फलंदाजाच्या जवळ टप्पा पडलेला. पुन्हा तोच 'उप', जवळ.

चारचौघांत कोणते 'अप' टाळावेत?

'शट अप' मराठी घरांत लाडाने चालते, इंग्रजीत ते उद्धटच. 'नॉक अप'ला जपा. ब्रिटनमध्ये त्याचा जुना अर्थ दार ठोठावून उठवणे, अमेरिकेत त्याचा अर्थ मुलीला गरोदर करणे. 'मेस अप' मित्रांत ठीक, साहेबांसमोर 'आय मेड अ मिस्टेक' बरे. 'अप युअर्स' ही शिवी आहे, अर्थ विचारू नका.

इंग्रजी सिनेमात 'अप' ऐकूच येत नाही. कान कमी पडतात का?

कान ठीक आहेत. आपण 'पिक... इट... अप' असे तीन शब्द ऐकायला बसतो आणि तिकडून एकच शब्द येतो: 'पिकिटप'. अमेरिकन असेल तर 'पिकिडप'. 'गेट अप'चे 'गेडप', 'शट अप'चे 'शडप'. 'अप' स्वराने सुरू होतो, म्हणून आधीचे व्यंजन त्याच्या अंगावर जाऊन बसते. स्वतः तसे बोलायला लागा, आपोआप ऐकू येईल.

'अप'ने वाक्य संपवणे चूक आहे का? आमच्या सरांनी तसे शिकवले होते.

चूक नाही. 'व्हॉट टाइम डिड यू गेट अप?' हे दुसरे कसे म्हणणार? तो नियम काही जुन्या व्याकरणकारांनी लॅटिनच्या प्रेमापोटी लादला. त्याची टर उडवायला लोकांनी रचलेले एक वाक्य आहे. वरच्या मजल्यावर झोपलेल्या पोराला नको असलेले पुस्तक बाप खालून घेऊन येतो, तेव्हा ते म्हणते: 'व्हॉट डिड यू ब्रिंग दॅट बुक दॅट आय डोन्ट वाँट टू बी रेड टू आउट ऑफ अप फॉर?' मला जे पुस्तक वाचून दाखवलेले नको आहे, ते वर कशाला आणलेस? शेवटचे पाच शब्द एकेक करून त्यांच्या जागी नेऊन बसवा, चांगला व्यायाम आहे.

शब्दकोशात 'पुट अप विथ' कुठे शोधायचे? 'अप'खाली मिळत नाही.

'पुट'खाली. नेहमी क्रियापदाखाली बघायचे. मोठ्या नोंदीच्या शेवटी अशा जोडक्रियापदांचा वेगळा गट दिलेला असतो आणि तिथे 'पुट अवे', 'पुट ऑफ', 'पुट अप' असे वर्णक्रमाने सापडतात. अर्थ पहिला दिसला तो उचलू नका. उदाहरणवाक्ये वाचा आणि तुमच्या वाक्यातले कर्म, म्हणजे माणूस, वस्तू की वेळ, ज्या उदाहरणाशी जुळेल तो अर्थ घ्या. 'ब्रिंग अप'समोर मूल असेल तर वाढवणे, विषय असेल तर काढणे, आणि तान्ह्याने दूध 'ब्रिंग अप' केले असेल तर फडके आणा.